सात मिनिटांचं दुःख

ऊर्मिला खांबेटेचे पाय बरोबर होते. हात बरोबर होते, मान बरोबर होती, आणि मोजणं तर इतकं बरोबर की वर्गातल्या बाकीच्या पाच जणी मधेच हरवल्या की तिच्या टाचांकडे बघून परत वाटेला लागायच्या. खोट एकच होती. तिच्याकडे दुःख नव्हतं.

हे तिला बिर्गिटने सांगितलं. मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सगळ्यांसमोर, तिच्या छातीवर स्वतःचा हात ठेवून.

"आल्झो, तर ऊऱ्ऱमिला," बिर्गिट म्हणाली. तो 'र' ती घशात चूळ भरल्यासारखा काढायची. "तू जे नाचतेस ते मला सगळं दिसतं. फक्त माझा त्यावर विश्वास बसत नाही." मग तिने आवाज खाली आणला, कारण महत्त्वाचं असेल ते कुजबुजून बोलायचं हा तिचा नियम होता. "वो इस्ट डाइन श्मेर्त्स? तुझी वेदना कुठे आहे?"

ऊर्मिलाने खरंच एकदा आजूबाजूला पाहिलं, कपडे बदलायच्या खोलीत राहिली की काय अशा चेहऱ्याने.

"कधीपर्यंत हवी आहे?" तिने विचारलं.

बिर्गिट मूळची जर्मनीतल्याच ऑफेनबाखची. पंचविशीत स्पेनमध्ये सेव्हियाला सुट्टीवर गेली, तीन हिवाळे तिथेच राहिली आणि परत आली ती 'ला बिर्गिता' होऊन. काळे रंगवलेले केस, जमीन झाडणारा काळा घागरा, आणि बोलताबोलता मधेच असा एक सुस्कारा, की रस्त्यावरून कोणाची तरी अंत्ययात्रा चालली आहे आणि ती फक्त हिलाच दिसते आहे. डार्मश्टाटमध्ये एका जुन्या छापखान्याच्या पहिल्या मजल्यावर तिचा फ्लामेंकोचा वर्ग भरायचा. दोन वर्षांपूर्वी ऊर्मिला पहिल्यांदा तिथे गेली, तेव्हा बिर्गिटने तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. हा नाच तुमच्याकडूनच निघालाय म्हणाली, हजार वर्षांपूर्वी, राजस्थानातून, तुझ्या तर रक्तातच आहे. ऊर्मिलाने नम्रपणे सांगितलं की ती चिंचवडची आहे. बिर्गिट म्हणाली, "गेनाऊ. अगदी बरोबर."

आता जूनच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. सगळ्या जणी मिळून चार नाच, आणि मधे एक सोलेआ. सोलेआ म्हणजे एकटीने करायचा संथ नाच, बारा मात्रांचा, एकटेपणाचा. सात मिनिटं स्टेजवर दुसरं कोणी नाही. त्यासाठी दोघींची नावं होती, ऊर्मिला आणि केर्स्टिन. केर्स्टिनचे पाय नेहमी अर्धी मात्रा मागून यायचे, पण तिचा घटस्फोट झाला होता आणि नवऱ्याने कुत्रासुद्धा स्वतःकडे ठेवून घेतला होता. ती नुसती उभी राहिली तरी बिर्गिट डोळे मिटून "याऽ, याऽ" असा जर्मन होकार भरायची. निवड तीन आठवड्यांनी होणार होती.

ऊर्मिलाला ती सात मिनिटं हवी होती. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, कारण सत्तेचाळिसाव्या वर्षी असलं काही हवं असणं तिला जरा ओशाळवाणं वाटायचं. जर्मनीत येऊन अकरा वर्षं झाली होती, त्यातली नऊ मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत गेली, आणि ती नऊच्या नऊ विंगेत. पडदा, माइकच्या बॅटऱ्या, लेझीमवाल्यांच्या पिना, नाचाआधी पोरांना शू करून आणणं. मंडळाच्या फोटोंत तिचा कोपर दिसतो. एका फोटोत अर्धा खांदा आहे. एश्बॉर्नच्या ऑफिसातही तीच गत. ती टेस्ट मॅनेजर, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर चालतंय का ते बघणारी. चाललं की नाव त्यांचं, पडलं की फोन हिला. एकदा तरी सगळ्यांनी समोर बघावं आणि समोर आपण असावं, इतकंच तिचं म्हणणं होतं.

त्या रात्रीच्या जेवणात तिने विषय काढला.

"शेखर, मला कसलं दुःख आहे रे?"

चंद्रशेखर गिअरबॉक्सचा इंजिनिअर. प्रश्न आला की तो आधी त्याची व्याप्ती ठरवतो. "साधारण कोणत्या काळातलं?"

"कधीचंही चालेल."

त्याने घास खाली ठेवला आणि मनापासून विचार केला. "पार्किंग," म्हणाला.

"ते तुझं दुःख आहे."

"हो, पण ऐकून घ्यावं तुला लागतं."

लेक अन्वी सोळा वर्षांची. तिने एका कानातला इयरफोन काढला. "ममा, दास इस्ट फोल क्रिंज," म्हणाली, आणि लाजेने अर्धमेली झाल्यासारखा चेहरा करून इयरफोन परत घातला.

"दुःख कशाला हवंय?" प्रभाताईंनी विचारलं. प्रभाताई म्हणजे सासूबाई. एप्रिलमध्ये नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या होत्या. "सगळं चांगलं चाललंय की."

"नाचासाठी हवंय, आई."

"मग ठीक आहे," प्रभाताई म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

ऊर्मिलाने एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात दुःख, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात तीव्रता एक ते पाच, चौथ्यात 'पुन्हा घडवून आणता येतं का'. जो बिघाड पुन्हा दाखवता येत नाही त्याला बिघाड म्हणायचं नाही, हे ती ऑफिसात नव्या पोरांना रोज सांगते, तेव्हा घरी वेगळा नियम कसा लावणार? पण तक्ता भरेना. आईवडील दोघं ठणठणीत, पहाटे हास्यक्लबला जात होते. नवरा डिशवॉशर रिकामा करायचा, न सांगता. दुसरीत एक पोपटी छत्री हरवली होती, तीव्रता दोन. दहावीत संस्कृतचे दोन मार्क गेले, तीव्रता तीन, पण फेरतपासणीत मिळाले. शेवटी एकच भक्कम ओळ सापडली. परदेशी नागरिकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, ती चौदा महिने एका टेर्मिनची, म्हणजे भेटीच्या तारखेची, वाट बघत होती. तीव्रता पाच, पुन्हा घडतं का, तर दर सोमवारी, नव्या तारखा उघडल्या की.

तिने मंगळवारी चौदा महिने नाचून दाखवले. बिर्गिट शेवटपर्यंत बघत राहिली.

"हे दुःख नाही," ती कुजबुजली. "ही तक्रार आहे."

गुरुवारी ऊर्मिलाचं होमऑफिस असायचं. दुपारी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तर प्रभाताई टेबलाशी बसलेल्या, समोर बेसनाच्या डब्याला टेकवून ठेवलेला टॅब्लेट. चिंचवडच्या त्यांच्या सोसायटीत पंचाहत्तरी ओलांडलेली मंडळी पुष्कळ, त्यामुळे महिन्यातून दोनतीनदा कोणीतरी जायचंच. एरवी प्रभाताई घरी जाऊन भेटून यायच्या. आता डार्मश्टाटहून जाता येत नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर भेटायच्या, पण पद्धतीत काडीचा फरक नाही. कॉलसाठी साडीसुद्धा फिकी नेसायच्या.

आज तिसऱ्या मजल्यावरचे मधुभाऊजी गेले होते. पडद्यावर त्यांच्या पत्नी, मनोरमाबाई.

आधी प्रभाताई नुसत्या बघत राहिल्या. मग, "काय झालं हो मनोरमाबाई, शेवटी?" तिकडून हकिगत सुरू झाली. इकडून "हं." थोड्या वेळाने अजून एक "हं." मग पदर खांद्यावरून निघाला आणि ओठांच्या कोपऱ्याशी आला. श्वास नाकात अडकला. मान एका बारीक झटक्यानिशी डावीकडे पडली आणि आवाज पायऱ्या उतरत खाली गेला, "असं कसं हो... असं कसं..." तेवढ्यात त्यांनी टॅब्लेटच्या वरून ऊर्मिलाकडे पाहिलं, अगदी कोरड्या आवाजात "कुकरच्या तीन झाल्या, बंद कर" म्हणाल्या, आणि हुंदका जिथे सोडला होता तिथूनच परत उचलला.

ऊर्मिलाने कुकर बंद केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती मोजत होती. तिसऱ्या मात्रेला हं, सहाव्या मात्रेला हं, आठव्याला पदर, दहाव्याला श्वास, बाराव्याला मान. सोलेआत वजन जिथे जिथे पडतं, नेमकं तिथे तिथे.

तिने तक्त्यात नवी ओळ घातली. 'आई. तीव्रता पाच. पुन्हा घडतं का: होय, साधारण दहा दिवसांनी.'

मग तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी, प्लायवूडच्या फळीवर तिने दोन आठवडे सासूबाईंचा अभ्यास केला. शालीचा पदर केला. हुंदक्याची पायरी टाचेवर बसवली. ही सरळसरळ चोरी आहे असं अधूनमधून मनात यायचं, पण मशीन फिरायला लागलं की तो विचार ऐकू यायचा नाही.

निवडीच्या दिवशी केर्स्टिन आधी नाचली, अर्धी मात्रा मागून. मग ऊर्मिला. आठव्या मात्रेला शाल ओठांशी गेली, दहाव्याला श्वास अडकला, बाराव्याला मान पडली. बिर्गिट खुर्चीवर बसली. केर्स्टिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती म्हणाली, "तुझाच आहे तो, तूच कर, प्लीज."

"ती मान," बिर्गिट म्हणाली. तिला कुजबुजायलाही सुचलं नाही. "कुठून आणलीस ती?"

"घरातून," ऊर्मिला म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"राजस्थान," बिर्गिट स्वतःशीच म्हणाली.

ऊर्मिला हवेत तरंगत घरी आली आणि दारातच खाली आपटली, कारण चंद्रशेखरने चार तिकिटं काढून ठेवली होती. दुसरी रांग, मधोमध. पहिल्या रांगेत मान वर करावी लागते, म्हणून दुसरी.

चार म्हणजे तो, अन्वी, अन्वीची एक मैत्रीण, आणि प्रभाताई. त्यांचं परतीचं विमान त्यानंतरच्या गुरुवारी होतं.

"आई, तिथे आवाज फार असतो हं," ऊर्मिला दुसऱ्या दिवशी म्हणाली. "बुटांना खिळे असतात."

"कारखान्याच्या भिंतीला लागून तीस वर्षं संसार केलाय मी."

"आणि भाषा स्पॅनिश. समजायचं नाही काही."

"नाचात समजायचं काय असतं? पाय दिसतात की." प्रभाताईंनी चष्मा पुसला. "आणि मला व्हिडिओ काढायचाय. मनोरमाबाई विचारत होत्या, सून काय करते म्हणून."

म्हणजे आता मनोरमाबाईसुद्धा. त्या बाईने नवरा गेल्याच्या दिवशी जे रडणं समोर बसून पाहिलं, तेच रडणं तिला शाल पांघरून, बूट आपटत, परत दिसणार होतं. ऊर्मिलाने पुढच्या तालमीत पदर, श्वास, मान सगळं गाळून बघितलं. बिर्गिट मधेच थांबवून म्हणाली, "ती बाई कुठे गेली? आज परत सॉफ्टवेअर नाचतंय." ठेवावं तर सासूची टिंगल, काढावं तर केर्स्टिन तयारच होती.

शनिवारपर्यंत तिने कळ काढली. दुपारी प्रभाताई पांढऱ्या शतावरीची सालं काढत होत्या. ही भाजी त्यांना पटलेली नव्हती, पण सालं काढायला आवडायची.

"आई, एक सांगायचंय. मी उद्या जे नाचणार आहे ना, ते तुमचं आहे."

"माझं म्हणजे?"

"तुम्ही रडता ना, फोनवर. ते. बघून बघून बसवलंय."

सोलाणं थांबलं. झालं, ऊर्मिलाच्या मनात आलं, आता गुरुवारी विमानतळावर या नुसतं 'येते' म्हणतील, आणि पुढची वीस वर्षं चिंचवडच्या गच्चीवर आपण पापडांबरोबर वाळत पडू.

"करून दाखव," प्रभाताई म्हणाल्या.

"इथे?"

"मग काय हॉल घेऊ?"

खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची विश्रांती चालू होती, म्हणून ऊर्मिला नुसत्या मोज्यांवर, फ्रिज आणि डिशवॉशरच्या मधल्या जागेत, शालीऐवजी हात पुसायचा टॉवेल घेऊन नाचली. प्रभाताईंनी हनुवटीला बोट लावून सगळं पाहिलं.

"पदर लवकर उचललास," म्हणाल्या. "समोरचं माणूस बोलतंय अजून आणि तू रडायलाही लागलीस? दुःख त्यांचं आहे. आपण आगाऊपणा करायचा नाही."

"बरं."

"आणि मानेला एवढा झटका मी देते?"

"देता."

"तो स्पॉन्डिलायटिस आहे, बाई."

ऊर्मिला टॉवेल हातात धरून उभी राहिली.

"कोणासाठी रडत होतीस आत्ता?" प्रभाताईंनी विचारलं.

"कोणासाठी नाही. बारा मोजत होते."

"मग कसं होईल? तुला काय वाटलं, मी नाटक करते?" ऊर्मिलाच्या तोंडावर उत्तर लिहिलेलं होतं. "हो, करतेच. पहिली दोन मिनिटं करायचं म्हणूनच करते. मधुभाऊजी मला कधी आवडले नाहीत. पाण्याची मोटर चालू ठेवून झोपायचे. पण मी विचारते, त्यांना जेवणात काय आवडायचं हो? मनोरमाबाई म्हणाल्या, कैरीची आमटी. आता त्या घरात कैरीची आमटी कोणासाठी करायची, असं मनात आलं, की येतं. आपलं आपण येतं. आधी येत नाही, विचारल्यावर येतं."

"पण माझं कोणी गेलेलंच नाहीये."

"मी गेले समज."

"आई, काहीतरीच काय."

"समजायला काय पैसे पडतात? चल. गेले मी. मनोरमाबाईंचा फोन आलाय तुला. विचारतायत, प्रभाला काय आवडायचं हो जेवणात?"

"श्रीखंड," ऊर्मिला म्हणाली.

"ते शेखरला."

"अळूवड्या."

"त्या तुझ्या सासऱ्यांना. ते गेल्यावर केल्यात का कधी मी?"

"साबुदाण्याची खिचडी?"

"ती उपासाला दुसरं चालत नाही म्हणून."

ऊर्मिलाने अजून दोन नावं मनात काढली आणि परत ठेवली. एक अन्वीचं होतं, दुसरं तिचं स्वतःचं. एकोणीस वर्षं ती या बाईची सून होती. तिला आठवायला लागलं. प्रभाताई सगळ्यांत शेवटी बसायच्या, कढईच ताटाशी ओढून घ्यायच्या, फाटलेली पोळी घ्यायच्या आणि म्हणायच्या, मला काही नको, आहे ते संपवते. त्या 'आहे ते'च्या पलीकडे कोणी कधी विचारलेलं नव्हतं. तिनेही नाही. आणि तिचं कामच विचारायचं होतं, ऑफिसात तर ती एका बटणासाठी चाळीस प्रश्न विचारायची.

डिशवॉशरने पाणी सोडलं.

प्रभाताईंनी तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि समाधानाने सोलाणं पुन्हा हातात घेतलं. "आलं ना? तिथेच थांब. फार हलू नको. आणि तो झटका काढून टाक, बघवत नाही."

"पण खरंच काय आवडतं तुम्हाला, आई?"

"ते मी आत्ता कशाला सांगू? सांगितलं तर उद्या काय नाचशील?"

रविवारी हॉल भरला होता. दोनशे माणसं, आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्या सगळ्यांच्या समोर ऊर्मिला खांबेटे, केसांत लाल फूल, एकटी. गिटारवाल्याने सुरुवात केली. आठव्या मात्रेला शाल ओठांकडे जायची होती, ती खांद्यावरच राहिली. मान पडली नाही. मधे जिथे बारा मात्रा नुसतं उभं राहायचं, तिथे ती बारा मात्रा उभी राहिली आणि मग आणखी बारा राहिली. गिटारवाल्याने वर बघितलं. तिला दुसऱ्या रांगेत सासूबाई दिसत होत्या. व्हिडिओ काढायचं विसरून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. एरवी परक्या माणसाच्या मयताला भरून येणारी ती बाई अजिबात रडत नव्हती. ऊर्मिलाने पाय उचलला आणि टाच टेकवली, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या खोलीत टेकवावी तशी.

शेवटच्या ठोक्यानंतर टाळ्या लगेच आल्या नाहीत, कारण संपलंय याची खात्री करून घेतल्याशिवाय तिथे कोणी टाळी वाजवत नाही. मग आल्या आणि बराच वेळ चालल्या. सगळे समोर बघत होते.

बिर्गिट तिला बाहेरच्या दालनात भेटली, हातात झेक्टचा, फसफसत्या वाइनचा, ग्लास.

"टेक्निश, तंत्र म्हणून," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधायला सुस्कारा सोडावा लागला, "फार स्वच्छ. फाऽर. पण ती कुठे गेली, ऊऱ्ऱमिला? ती मान? निवडीच्या दिवशी तू मला फाडून टाकलं होतंस. आज तू नुसती उभी होतीस." तिने ऊर्मिलाच्या दंडावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "सप्टेंबरमध्ये आपल्याला हॅनोव्हरला बोलावलंय. तिथे सोलेआ केर्स्टिन करेल. तुझं दुःख पाहिल्यापासून ती इतकी मोकळी झाली आहे."

"गेनाऊ," ऊर्मिला म्हणाली.

ट्राममध्ये ऊन होतं. आइस्क्रीम खाणारी दोन पोरं तिच्या फुलाकडे बघत होती. चंद्रशेखर बुटांची पिशवी सांभाळत उभा होता.

"काय म्हणाली ती काळे कपडेवाली?" प्रभाताईंनी विचारलं.

"पाय स्वच्छ आहेत म्हणाली. पुढच्या वेळी केर्स्टिन."

"ती घटस्फोटवाली?"

"हो."

"हं," प्रभाताई म्हणाल्या.

हे उद्या ऑफिसात सांगू, सगळे हसतील, असं ऊर्मिला ठरवत होती. एक स्टॉप गेला. दुसऱ्या स्टॉपला दारं उघडली, मिटली, आणि तिला रडू फुटलं. त्यात ताल नव्हता. नाक वाहत होतं, डोळ्यांचं काळं गालावर आलं होतं, मधेच उचकी लागली.

"मला हवं होतं ते, आई," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच कोणाला सांगत होती. "मला हॅनोव्हरला जायचं होतं. मला परत तिथे उभं राहायचं होतं."

"काय झालं?" चंद्रशेखर दचकून म्हणाला. "पर्स राहिली का?"

अन्वी आणि तिची मैत्रीण दोन सीट पुढे सरकून दुसऱ्याच कुटुंबातल्या झाल्या.

"गप्प बस तू. रुमाल दे," प्रभाताई त्याला म्हणाल्या. त्यांनी ऊर्मिलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि दाराच्या वरच्या पाटीकडे चष्म्यातून बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं.

"सावकाश रड," म्हणाल्या. "अजून सहा स्टॉप आहेत."